विहीणबाईंनी कापलेला दोर

मास्तरीणबाईंनी आपल्या व्याह्यांचा दोर कापला, अशी कुजबुज त्या वर्षी गल्लीत सुरू झाली आणि बघता बघता चार गल्ल्या ओलांडून गेली. दोर म्हणजे कपडे वाळत घालायचा नव्हे. व्याही त्याला लोंबकळत होते, खाली घळ होती, वर विहीणबाई होत्या आणि त्यांच्या हातात शिवणाची कात्री होती. सांगणारा एवढं सांगून थांबे, इकडेतिकडे बघे आणि हळूच पुस्ती जोडी, "कोटाचं प्रकरण माहीत आहे ना?"

कोटाचं प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी पाच वर्षं, मुलीच्या लग्नात मास्तरीणबाईंनी व्याह्यांसाठी कोट शिवला होता, जीव ओतून. व्याह्यांनी तो अंगात घातला, आरशात पाहिलं, उजवी बाही अर्ध बोट लांब आहे असं शांतपणे सांगितलं आणि लग्नाला तयार कपड्यांच्या दुकानातला कोट घालून उभे राहिले. शिवणाऱ्या घरची मुलगी आणि सासऱ्यांच्या अंगावर दुकानातला कोट. लोक जेवण विसरले, पण हे विसरले नाहीत.

तर या मास्तरीणबाई. वडील शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर गेले तेव्हा मशीन, मोठी कात्री आणि ती पदवी, तिन्ही मुलीकडे आली. दुकान जिन्याखालचं, दहा बाय आठ. दाराशी फळीचा ओटा, त्याच्या कडेला मापासाठी ठोकलेल्या पितळी चुका, मागे पडदा. पडद्यामागे कपडे घालून बघायची सोय होती, मात्र कोपरं अंगाशी धरून. नवरा कोपऱ्यात बसून काज-बटण करी आणि विचारलं तर हो किंवा नाही म्हणे; दोन्ही एकाच सुरात, त्यामुळे अर्थ बाईंनीच लावायचा.

समोरून येणाऱ्याचा चेहरा बघायच्या आधी त्या खांदा बघत. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्या उन्हापावसाच्या गप्पा मारत. बोलता बोलता त्याचा श्वास सुटला की टेप आवळत. कापडाच्या कात्रीने कोणाला कागदाचा कपटासुद्धा कापू देत नसत. आणि कुठलंही नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतत नसत, गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. "आधी आटायचं ते आटू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बत्तीस वर्षं त्यांनी मशीनवर पाय मारले. तेवढे सायकलवर मारले असते तर पृथ्वीला फेरी झाली असती. इथे मात्र त्या उंबऱ्याच्या आतच राहिल्या. हे दुखणं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

व्याही नकाशेवाले. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले. माणूस कोरीव, पेन्सिलीला टोक असावं तसा. निवृत्त झाले आणि एकाच गोष्टीने त्यांना ग्रासलं. नदी वरच्या पुलाजवळ घळीत शिरे आणि सात किलोमीटर खाली, दुसऱ्या पुलाजवळ, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर येई. मधल्या सात किलोमीटरांत कोणी गेलंच नव्हतं. म्हणून नकाशावर तिथे ठिपके. तीन आवृत्त्यांत ते ठिपके त्यांनी स्वतः काढले होते आणि आता म्हणत, "तीन वेळा खोटं बोललो, तेही सरकारी शाईने."

त्यांनी एक रंगारी गाठला. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा, दोरावर बसून भाकरी खाणारा. भिंतीला चिकटतो म्हणून त्याला गल्लीत पाल म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. दोर, कड्या, शिट्ट्या, पाण्यात तरंगवणारी जाकिटं ही सगळी जमवाजमव त्याची. कमरेचे पट्टे मात्र नकाशेवाल्यांना ढिले होत होते. म्हणून कोटानंतर पहिल्यांदा व्याही विहिणीच्या दुकानाची पायरी चढले.

बाईंनी पट्टे नव्याने शिवले, तिहेरी टाक्याने. पण शिवलेलं घालून बघितल्याशिवाय द्यायचं नाही हा मास्तरांचा नियम. त्यांनी एक पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, दोर तुळईवरून टाकला आणि नवऱ्याला ओढायला लावलं. अशा अधांतरी लटकत असतानाच एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं. बाईंनी लटकत्या अवस्थेत वरूनच त्याचं माप सांगितलं आणि ते बरोबर निघालं. खाली उतरल्या तेव्हा चेहरा असा खुलला होता की नवऱ्याने न विचारता "हो" म्हटलं.

पट्टे न्यायला व्याही आले तेव्हा बाई म्हणाल्या, शिवण माझं आहे, वाटेत उसवलं तर टाका कोण घालणार, मीही येते. विहिणीला नाही म्हणायचं कसं, हे नकाशेवाल्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले आहे, असंही बाईंनी सांगून टाकलं. झालं.

मुलीला कळलं तशी ती दुकानात आली. पडद्याला टेकून आधी हसली, मग हसायची थांबली.

"आई, जायचं तर जा. पण सासऱ्यांना नेशील तसं परत आण. त्यांना काही झालं तर लोक कोटाचं प्रकरण काढतील, आणि मला त्याच घरात राहायचंय."

तोंडात टाचण्या धरूनच बाईंनी मान हलवली.  

निघायच्या आदल्या दिवशी नवा कोरा दोर आला. तीस मीटर. नकाशेवाल्यांनी तो दुकानाच्या ओट्यावर, त्या पितळी चुकांशी ताडून मोजला आणि दर मीटरला लाल दोरा गुंडाळला. असा नेमका, की बाईंनाही मनातल्या मनात शाबासकी द्यावी लागली. मग बाईंनी सवयीने विचारलं, "पाण्यातून काढलात का हा?"

"विहीणबाई," नकाशेवाले हसून म्हणाले, "दोर म्हणजे परकर नव्हे."

रंगारीही हसला. त्याचे दोर जुने, ऊनपाऊस खाऊन आटायचे ते केव्हाच आटलेले. नव्या दोराची खोड त्याला ठाऊक नव्हती. बाई गप्प बसल्या. मुलीच्या सासऱ्यांना एकदा विचारावं, दोनदा विचारू नये, असा त्यांचा समज होता.

घळीत शिरल्यावर पहिल्या तासातच बाईंना कळलं की आपण बत्तीस वर्षं भलतीकडे बसलो होतो. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ की हात पसरले तर दोन्हीकडे बोटं लागावीत. वर आभाळ राहिलं ते नाडीएवढं. खडकाला जागोजागी चुण्या, कुठे इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत, कुठे काठ उसवल्यासारखा. पाणी हिरवं, आणि थंडी अशी की शिवी हसडावीशी वाटे, पण व्याही पुढे होते. कधी घोट्यापर्यंत चालायचं, कधी पिशवी पुढे तरंगवत पोहायचं, कधी पाणी खाली उडी घेई तिथे दोराने उतरायचं. एकदा दोर ओढून खाली घेतला की परतीची वाट बंद. हे रंगाऱ्याने आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा दोर सळसळत खाली आला तेव्हा बाईंनी मागे वळून वर पाहिलं आणि मग बराच वेळ पाहिलं नाही.

रंगाऱ्याचे दोन नियम होते. गाठीला त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि दोराजवळ पातं आणायचं नाही. चाकू, ब्लेड, काही म्हणजे काही नाही. त्याच्या धंद्यात हे आईच्या शपथेसारखं. बाईंनी मान डोलावली. कात्री त्यांच्या कमरेच्या कप्प्यात होती, फडक्यात गुंडाळून. शिंपी कात्री घरी ठेवून जात नाही, आणि हे सगळ्यांना सांगत बसायची गरज नसते.

पहिल्या दिवशी चार उतार झाले. नकाशेवाले प्रत्येक ठिकाणी वहीत लिहीत, शिसं बांधलेली टेप सोडून उंची घेत. घसरले तरी वही वर धरूनच घसरत. एकदा डोक्यावरून पाण्यात गेले तेव्हा वर फक्त हात आणि वही उरली होती. बाई इतक्या हसल्या की त्यांनाही पाणी प्यावं लागलं. संध्याकाळी एका कोरड्या कट्ट्यावर मुक्काम पडला, दोर खडकावर वाळत टाकला.

सकाळी दोराची गुंडाळी बाईंनी केली, अंगठा-कोपर, अंगठा-कोपर, नाडी गुंडाळतात तशी. आणि त्यांचा हात मध्येच थबकला. लाल दोरे लवकर लवकर येत होते. दोर हाताला जाडही लागत होता.

"दोर जाड झालाय का हो?" त्यांनी विचारलं.

"भिजून फुगलाय," नकाशेवाले वहीतून डोकं न काढता म्हणाले.

जाडीला वाढतं ते लांबीला कमी होतं, हे बाईंना मांजरपाट शिकवून गेलं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण एकदा विचारून झालं होतं, आता दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा म्हटलं तर विहीणबाई मास्तरकी करतात असं व्हायचं. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं आणि गुंडाळी रंगाऱ्याच्या खांद्यावर दिली. आयुष्यात एवढी मोठी चूक त्यांनी कधी केली नव्हती, आणि केली ती निव्वळ चांगुलपणापायी.

दुपारी शेवटचा उतार आला, सगळ्यांत उंच. नकाशेवाल्यांनी टेप सोडली. पाण्यापर्यंत अठ्ठावीस मीटर, त्याखाली आणखी तीन मीटर खोल. रंगाऱ्याने दोराचे लाल दोरे मोजले, तीस. झाडाला बांधण्यात एक गेला, तरी मीटरभर शिल्लक. हिशेब चोख होता. फक्त आता त्या दोराचा मीटर मीटर राहिला नव्हता. मापंही दोराबरोबरच आटली होती, त्यामुळे चोरी दिसणार कशी.

पहिलं मी उतरणार, असं नकाशेवाल्यांनी जाहीर केलं. शेवटचा ठिपका त्यांचा होता. पिवळी पिशवी कमरेच्या पट्ट्याला लांब बंदाने अडकवली, चष्मा दोऱ्याने बांधला आणि कडेवरून दिसेनासे झाले. दोर ताठ झाला. रंगारी शिट्टीची वाट बघत बसला. एक शिट्टी म्हणजे सुखरूप पोचलो.

तीन शिट्ट्या वाजल्या. मग पुन्हा तीन. तीन म्हणजे अडकलो.

दोघे पालथे पडून कडेवरून वाकले. नकाशेवाले दोराच्या टोकाला होते. टोक निसटू नये म्हणून मारलेली गाठ कमरेच्या कडीत घट्ट रुतली होती. ना वर, ना खाली. धबधब्याची एक धार बरोबर डोक्यावर येत होती आणि ते मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत होते, कोणाला तरी नाही म्हणत असल्यासारखे. रंगाऱ्याने दोर ओढून पाहिला, मग दोघांनी मिळून ओढला. बोटभरही हलला नाही. झाडाची गाठही ओझ्याने अशी आवळली होती की सुटण्यातली नव्हती. वरून एवढंच दिसत होतं की खाली पाणी आहे. हातभर खाली की चार पुरुष खाली, हे त्या फेसात कोण सांगणार.

रंगाऱ्याकडे दोराशिवाय एक मजबूत विणलेली पट्टी होती, चार मीटरची. झाडाला आणि गाठींना दोन मीटर गेल्यावर सोडायला दोन उरणार. ताणलेल्या दोराला ही पट्टी गुंडाळून बांधायची, मग तिच्या वरच्या अंगाला मूळ दोर तोडायचा आणि पट्टी हळूहळू सोडत माणूस पाण्यात टेकवायचा. पाणी दोन मीटरच्या आत असेल तर. नसेल तर माणूस पुन्हा अधांतरी, आणि हातातला शेवटचा उपायही संपलेला.

बाई अजून वाकून बघत होत्या. पिवळी पिशवी. ती लोंबकळत नव्हती, पाण्यावर आडवी तरंगत होती, आणि तिच्या बंदाला झोळ होता. तो बंद त्यांनी स्वतः कापला होता, पावणेदोन मीटर. दोन्हीकडे शिवणीत गेलं ते सोडून एक मीटर साठ. झोळ आहे, म्हणजे त्याहूनही कमी. पिशवी कमरेला, पाय त्याच्या खाली.

"कमरेपासून पाणी दीड मीटरवर आहे," त्या म्हणाल्या. "बांधा पट्टी."

रंगाऱ्याने बांधली, दोनदा तपासली, आणि मग नुसताच बसून राहिला. चाकू नव्हताच त्याच्याकडे. बाईंनी कप्प्यातून फडकं काढलं आणि उलगडलं. कात्री बघून तो असा दचकला की जणू साप निघाला. म्हणाला, बाई, ज्या दोरावर माणूस आहे त्याला पातं दाखवत नाहीत, माझ्याच्याने हे व्हायचं नाही.

"तुमची गाठ धरेल?"

"गाठ धरेल."

"मग गाठ तुमची, कात्री माझी."

चुकलेला टाका उसवता येतो, चुकलेली कात्री नाही, असं मास्तर म्हणत. बाईंना ते आठवलं नाही. त्यांना आठवली पडद्याला टेकून हसायची थांबलेली मुलगी.  एक मीटर साठ, त्यांनी पुन्हा मनाशी म्हटलं, झोळ धरून दीड. मग वडिलांची कात्री, जिने बत्तीस वर्षांत कापडाशिवाय काही पाहिलं नव्हतं, त्यांनी त्या ताठ दोराला लावली. जोर लावावाच लागला नाही. नुसती टेकवली आणि दोर स्वतःहून तुटला.

पट्टीला हिसका बसला, गाठ धरली. रंगारी वितीवितीने सोडू लागला. विहिरीत घागर जावी तसे नकाशेवाले खाली गेले, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. जाकिटाने त्यांना उचलून धरलं, कडी सैल झाली. बऱ्याच वेळाने एक शिट्टी वाजली. बारीक, पण एकच.

रंगाऱ्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला की हे आमच्या लोकांत सांगू नका. बाईंनी कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. दोरातल्या वाळूने धार गेली होती. त्यांनी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली.

दोर वर ओढून घेतला, त्याला पट्टीचा जोड दिला, आणि आधी बाई, मागून रंगारी, असे दोघे खाली आले. नकाशेवाले एका खडकावर बसले होते, ओठ जांभळे, चष्मा कपाळावर, वही मांडीवर. दात वाजत होते, त्यामुळे वाक्य हप्त्याहप्त्याने आलं.

"विहीणबाई, दोर पाण्यातून काढायला हवा होता."

"हो," बाई म्हणाल्या. "परकरच निघाला शेवटी."

ते हसायला लागले, मग बाई, मग रंगारी. थंडीने की सुटकेने, कोण जाणे. पण त्या हसण्यात दोन घरांमधली पाच वर्षांची इस्त्री मोडली. पुढची वाट रुंद होती, पाणी गुडघाभर. बाईंनी चालता चालता सकाळी दोराबद्दल काय मनात आलं होतं ते सांगून टाकलं, आणि का गप्प बसले तेही. नकाशेवाले थांबून म्हणाले, पुन्हा असं कधी करू नका. मग बाईंना जोर चढला. त्या म्हणाल्या, आता निघालंच आहे तर ऐका, तुमचा उजवा खांदा छत्तीस वर्षं टेबलावर वाकून खाली आला आहे. म्हणून उजवी बाही अर्ध बोट खाली उतरते. कोट बरोबर होता, व्याहीबुवा, माणूस तिरका होता.

नकाशेवाल्यांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. वही उघडली, काही लिहिलं, आणि ते काय हे कोणालाही दाखवलं नाही.

संध्याकाळी दारात मुलीने सासऱ्यांना समोरून पाहिलं, मग वळवून मागून पाहिलं. बाईंना वाटलं, गिऱ्हाईक शिवलेलं कापड असंच बघतं. कुठे उसवलेलं नव्हतं.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "तुझ्या आईने आज माझा दोर कापला. चहा टाक."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने नेलं तसं परत आणलं होतं, थोडं ओलं.  मुलीने आत जाऊन चहा टाकला, आणि आईच्या कपात साखर दुप्पट घातली.

खात्याने तो नकाशा ठेवून घेतला आणि ठिपक्यांच्या जागी अखंड रेघ मान्य केली. पण गल्लीला नकाशाशी काय देणंघेणं. नकाशेवाले दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयात गेले, खुर्चीत बसून मोठ्या हौसेने गोष्ट सुरू केली, आणि "विहीणबाईंनी कात्री काढली, माझा दोर कापला" इथवर आले तेव्हा वस्तरा गळ्यावर आला. शहाणा माणूस अशा वेळी बोलत नाही. बाकावरचे तिघे तेवढ्यात उठून गेले, आणि तिघांची तीन घरं, तिन्ही घरांना खिडक्या.

महिनाभर रस्त्यावर बाईंकडे बघून लोक जरा बाजूला होत. दुकान मात्र चालायला लागलं. नव्या नव्या बाया यायच्या, शिवायला एखादं फुटकळ काही घेऊन, आणि माप देता देता कात्रीकडे टक लावून बघायच्या. बहुतेक सुना होत्या. नकाशेवाले नव्या कोटाच्या मापासाठी आले तेव्हा त्यातल्या दोघी दारातच थबकल्या.

खरी गोष्ट अशी. मास्तरीणबाईंनी व्याह्यांचा दोर कापला. आधी त्याला दुसरी पट्टी बांधलेली होती. व्याह्यांचे पाय पाण्यापासून हातभर वर होते, पाणी तीन मीटर खोल होतं आणि अंगात जाकीट होतं. नवा दोर भिजून अडीच मीटर आटला होता.